नकार देणारे यंत्र

पणजीत मांडवीच्या काठाने, एके काळी आदिलशाही राजवाडा असलेल्या जुन्या सचिवालयाच्या बाजूने चालत जाणाऱ्याला एक पुतळा हटकून थांबवतो. पायघोळ झगा ल्यालेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन मागे कलंडते आहे. हा आबे फारिया. जन्म १७५६ सालचा, कांदोळीचा. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवलेला, १९४५ मधला. फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून दाखवले, १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी तो वारला. निद्रा आणणाऱ्याच्या अंगातून कसलाही गूढ द्रव वाहत नाही, निद्रा ही झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातूनच उत्पन्न होते, हा त्याचा सिद्धांत त्या काळी उपहासाचा विषय झाला. पुढच्या संमोहनशास्त्राला मात्र त्यानेच पाया दिला. १८४५ मध्ये बंगालातील हुगळी येथे जेम्स एस्डेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील शल्यवैद्याने याच जातीची निद्रा आणून रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतल्या अनेकांना वेदना झाल्याचे आठवलेसुद्धा नाही.

मात्र लगेच पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टन याने इथरची वाफ हुंगवून एका रोग्याची वेदना घालवून दाखवली आणि निद्रेचा सगळा व्यवहारच पालटला. पणजीचे वैद्यकीय विद्यालय त्या वेळी अवघे चार वर्षांचे होते. १८४२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, जिचे पुढे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, मांडवीकाठच्या आपल्या जुन्या वास्तूतून आता बांबोळीच्या पठारावर गेली आहे. फारियाच्या निद्रेत झोपणाऱ्याचे मन सहकारी असावे लागे, आणि ज्याचे मन वळले नाही तो जागाच राही. इथरच्या निद्रेत मनाला कोणी विचारत नाही. ज्या क्षणी माणूस त्या वाफेच्या अधीन होतो, त्या क्षणापासून त्याचा श्वास, त्याचा रक्तदाब, त्याच्या घशातली वाट मोकळी राहणे, हे सारे जे तो जन्मापासून नकळत सांभाळत आला, ते परक्याच्या ताब्यात जाते. भूल देण्याचे यंत्र म्हणजे या परस्वाधीनतेचा बंदोबस्त होय, आणि माझे आयुष्य ज्या यंत्रापाशी गेले त्याच्याकडे मी याच दृष्टीने पाहत आलो आहे.

पेडण्याकडची एक वृद्धा एकदा टेबलावर निजल्यावर माझे मनगट धरून म्हणाली होती, "दोतोरा, झोपव मला, पण मागे आणून सोड." मी म्हटले, "आजी, झोपवण्याचे काम थोडे. आणून सोडण्याचेच माझे सगळे काम." तेरेखोलच्या मुखापासून निघून, कोलवाळला शापोरा नदी आणि पुढे मांडवी ओलांडून ती बांबोळीच्या वाटेने आली होती, आणि तिने एका वाक्यात जे मागितले तेवढेच पुरवण्यासाठी जगातल्या यंत्रकारांनी शंभराहून अधिक वर्षे खर्च केली आहेत.

आरंभी यंत्र नव्हतेच. रुमाल असे, त्यावर क्लोरोफॉर्म शिंपडत आणि तो रोग्याच्या नाकाशी धरत. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी अशीच निजवली गेली आणि काही मिनिटांत गतप्राण झाली. क्लोरोफॉर्मच्या भुलेखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. शल्यक्रिया नखाची होती हे लक्षात घेतले म्हणजे त्या नोंदीचा भार कळतो. लंडनच्या जॉन स्नो याने, पुढे पटकीच्या साथीचे मूळ पाण्यात शोधणारा तोच हा गृहस्थ, आधीपासूनच ओळखले होते की रुमालावरून किती वाफ रोग्याच्या छातीत जाते याचा अदमास कोणालाच घेता येत नाही. वाफेचे प्रमाण तापमानावर ठरते, म्हणून त्याने आपल्या इथरच्या उपकरणाला पाण्याची बैठक दिली. औषधाची मात्रा मोजता आली पाहिजे, या त्याच्या आग्रहातून पुढचे सारे यंत्र वाढले.

आमच्या पिढीने ज्यावर हात बसवला ते बॉईलचे यंत्र. हेन्री बॉईल या लंडनच्या भूलतज्ज्ञाने १९१७ च्या सुमारास त्याचे मूळ रूप सिद्ध केले, आणि त्याच्या नावाचा आपल्याकडे इतका रूढ वापर झाला की आजही शस्त्रक्रियेच्या खोलीतला, म्हणजे ओटीतला, वॉर्डबॉय कोणत्याही कंपनीच्या नव्या यंत्राला बिनदिक्कत "बॉईल" म्हणतो. चाके लावलेली एक लोखंडी मांडणी, दोन्ही अंगांना सिलिंडर, काचेच्या उभ्या नळ्या, आणि इथरची एक बाटली, जिच्या आत दांडा खाली सरकवला की वायू द्रवाच्या अधिकाधिक जवळून वाहत असे. पावसाळ्यात, हवा आधीच पाण्याने जड झालेली असताना, अर्ध्या तासात त्या बाटलीच्या बाहेरच्या अंगावर दव धरे आणि थेंब ओघळू लागत. कारण रांजणातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने इथर उडताना स्वतःची उष्णता गमावीत असे. द्रव गार झाला की वाफ कमी, वाफ कमी झाली की भूल हलकी. दांडा होता तेथेच असे, मात्रा मात्र उतरलेली. त्या दवाच्या थेंबांकडे पाहून दांडा किती खाली न्यायचा हे ठरवायला माझ्या गुरूंनी मला शिकवले, आणि ती विद्या सुंदर असली तरी रोग्याचा जीव अशा विद्येवर टांगून ठेवू नये, अशी माझी तेव्हापासूनची धारणा आहे.

आधुनिक यंत्र त्या धारणेला अनुसरूनच बांधलेले असते. सामान्य माणसाला त्याचे पडदे, आलेख आणि दिवे पाहून वाटते की हे यंत्र पुष्कळ गोष्टी करते. माझ्या मते त्याची खरी थोरवी ते ज्या गोष्टी करू देत नाही त्यांत आहे. घाईत, झोपेच्या गुंगीत, अंधारात, शल्यवैद्याच्या तगाद्याखाली माणसाचा हात ज्या चुका करतो, त्यांतल्या एकेका चुकीला मज्जाव करणारा एकेक अडसर या यंत्रात बसवलेला आहे, आणि बहुतेक अडसरांच्या मागे कोठे तरी घडलेला एक मृत्यू उभा आहे.

सिलिंडर जेथे बसतो ते जू पाहा. त्यात दोन लहान पोलादी खुंट्या असतात आणि सिलिंडरच्या तोंडाशी त्यांच्या जोडीची दोन छिद्रे. प्राणवायूच्या खुंट्या दुसऱ्या आणि पाचव्या स्थानी, नायट्रस ऑक्साइड या भुलेच्या वायूच्या तिसऱ्या आणि पाचव्या. तेव्हा नायट्रस ऑक्साइडचा निळा सिलिंडर प्राणवायूच्या जुवात कितीही दामटला तरी बसत नाही. १९५२ च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी केवळ रंगाच्या भरवशावर काम चाले, आणि रंग उडतो, गंजतो, रात्री दिसत नाही. खुंटीला डोळे लागत नाहीत. तरीही मध्ये दोन वॉशर घालून ही अडवणूक चुकवणारे महाभाग भेटतात, म्हणून हे जू रोज हाताने चाचपून पाहावे.

इस्पितळाच्या भिंतीतून येणारा प्राणवायू साधारण चार वातावरणांच्या दाबाने येतो, आणि भरलेल्या सिलिंडरमधला सुमारे १३७ बार दाब आतल्या नियंत्रकाने त्याहून किंचित कमी केलेला असतो. ही किंचित उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या तरी यंत्र आधी भिंतीतलाच वायू घेते आणि सिलिंडर अडीनडीला शिल्लक राहतो. अशी अडीनडी काल्पनिक नाही. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या लाटेत, बांबोळीच्या इस्पितळातील प्राणवायूचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला तेव्हा ट्रॅक्टरने आणलेल्या सिलिंडरांच्या ट्रॉल्या बदलताना वाहिनीतला दाब घसरतो, हा तपशील सरकारी बाजूनेच दप्तरात नोंदवला गेला. दाब ही वस्तू किती नाजूक आणि किती जीवघेणी आहे हे गोव्याने त्या दिवसांत जवळून पाहिले, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना त्याचा अर्थ मी सांगावा असे काही उरलेले नाही.

दाब घसरला की यंत्र दोन गोष्टी करते: कर्कश शीळ घालते, आणि नायट्रस ऑक्साइडची वाट आपण होऊन बंद करते. जुन्या यंत्रांत ही शीळ प्राणवायूच्याच उरल्यासुरल्या दाबावर वाजे. तिला ना वीज लागे ना बॅटरी, मरता मरता प्राणवायूच आपल्या मरणाची वर्दी देई. पण या तजविजीत एक खोट आहे आणि ती समजून घेणे फार अगत्याचे आहे. ही झडप दाब ओळखते, वायू ओळखत नाही. भिंतीमागे कोणी गवंड्याने वा नळकाम्याने दोन वाहिन्यांची अदलाबदल केली आणि प्राणवायूच्या तोटीतून दुसराच वायू पुरेशा दाबाने येऊ लागला, तर झडप समाधानाने उघडी राहते, शीळ मुकी राहते. असे मृत्यू जगात अनेक ठिकाणी, विशेषतः नव्या इमारतीचे काम चालू असताना, घडलेले आहेत. म्हणून सर्वांत शेवटी, रोग्याच्या अगदी निकट, प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्ष मोजणारा संवेदक बसवतात. साऱ्या यंत्रात हा एकच भाग असा आहे जो लेबलावर, रंगावर, खुंटीवर किंवा दाबावर विश्वास ठेवत नाही. त्याची सूचना वाजली तर भिंतीची नळी उपसून सिलिंडर उघडावा आणि वाद मागाहून घालावा.

काचेच्या उभ्या नळ्यांत हलकी भिरभिरी वायूच्या वेगावर तरंगत फिरत असतात. त्यांवर एक ठिपका असतो; ठिपका फिरताना दिसला की भिरभिरे काचेला चिकटलेले नाही एवढे निश्चित. प्राणवायूची गुंडी इतरांहून मोठी, अधिक पुढे आलेली आणि खोल खाचांची असते, म्हणजे अंधारातही बोटांना ती ओळखता यावी. प्राणवायू शेवटी, बाहेर पडण्याच्या वाटेच्या सर्वांत जवळ मिसळतो, कारण मधली एखादी नळी तडकली तर गळून जाणारा वायू प्राणवायू नसावा. आणि दोन्ही गुंड्या साखळीने वा अन्य युक्तीने अशा जखडलेल्या असतात की नायट्रस ऑक्साइड वाढवत नेले की प्राणवायू आपोआप वाढतो, आणि मिश्रणातले त्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. आपण एरवी श्वासात घेतो त्या हवेत ते २१ टक्के असते. नव्या यंत्रांत ही सारी मांडणी पडद्यावर आकड्यांत गेली आहे, तरी अनेक यंत्रकारांनी एका कोपऱ्यात प्राणवायूची एक हाताने फिरवायची गुंडी आणि एक काचेची नळी राखून ठेवली आहे. त्यांचे मला फार कौतुक वाटते.

इथरच्या बाटलीची जागा घेणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये दोन निरनिराळ्या धातूंची एकजीव पट्टी असते. द्रव गार होत जाईल तशी ती वाकते आणि त्यावरून अधिक वायू जाऊ देते. माझ्या गुरूंचा दवाचा हिशेब ती पट्टी न चुकता करते. १९५६ मध्ये हॅलोथेन व्यवहारात आले तेव्हा अशा सूक्ष्म मोजणीवाचून गत्यंतर उरले नाही, कारण ते इथरहून पुष्कळ तीव्र होते. ते पेट घेत नव्हते, हा मात्र केवढा दिलासा, कारण इथरच्या काळात एका ठिणगीने ओटी उडण्याचे भय असे आणि काळ्या रबराच्या नळ्यांपासून जमिनीपर्यंत सारे स्थिरविद्युत वाहून नेणारे ठेवावे लागे. पुढे आलेल्या डेसफ्लुरेनची कथा गोव्याच्या वाचकाला विशेष पटेल. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २३ अंश सेल्सिअस. पणजीची दुपार बारमाही त्याहून उष्ण. म्हणजे सामान्य व्हेपोरायझरमध्ये ते ओतले तर ते येथे आपोआप उकळू लागेल आणि मात्रेवर कसलाच ताबा राहणार नाही. यंत्रकारांनी उलटा मार्ग धरला: विजेने त्या पात्राला ३९ अंशांपर्यंत तापवून आत सुमारे दोन वातावरणांचा स्थिर दाब निर्माण केला आणि तो वायूसारखाच मोजून सोडला. ज्या स्वभावामुळे औषध आवरत नव्हते त्याच स्वभावाला धरून त्याला शिस्त लावली. आता हवामानाला त्यापासून होणाऱ्या उपद्रवामुळे त्या औषधाचा वापर कित्येक देशांत उतरणीला लागला आहे, हा भाग निराळा. दोन व्हेपोरायझर एकाच वेळी उघडता येत नाहीत, आणि एकाच्या औषधाची बाटली दुसऱ्याच्या तोंडाला लागत नाही. येथेही तोच नकार.

रोग्याने सोडलेला श्वास पुन्हा त्यालाच देण्याची युक्ती या यंत्रातली सर्वांत काटकसरी आणि मला सर्वांत प्रिय. श्वास एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने येतो, दोन्ही वाटांवर एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ चकत्या असतात, आणि मध्ये सोडा लाइमच्या पांढऱ्या खड्यांचे पिंप कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. खडे काम करीत आहेत हे हात लावून कळते, पिंप कोमट होते. थकलेले खडे जांभळे होतात. परंतु रात्रभर विसावले की तेच पुन्हा पांढरे दिसू लागतात, अंगात बळ मात्र परतलेले नसते. सकाळी पांढरे पिंप पाहून नवशिक्या फसतो. म्हणून आम्ही संध्याकाळी जाण्यापूर्वी ते पाहतो.

रोग्याचे स्नायू औषधाने शिथिल केले की श्वास यंत्राने द्यावा लागतो, आणि त्यासाठी पारदर्शक घुमटात एक भाता वर-खाली होत असतो. हा भाता लोहाराच्या भात्याचाच वंशज. पूर्वी तो वरून टांगलेला असे. श्वास सोडताना आपल्या वजनाने खाली येई, आणि नळी कोठे निसटली तरी तसाच इमानाने खाली-वर करीत राही, रोग्याला श्वास मिळत नसतानाही. नवा भाता तळाशी बसवलेला असतो. गळती झाली की त्याला वर चढता येत नाही, तो बसून राहतो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या परिचारिकेलाही कळते की काही बिघडले. दोष लपवणारी रचना टाकून दोष उघडा पाडणारी रचना स्वीकारली, आणि खर्च काहीच वाढला नाही. नुसते उलटे बसवले.

भात्याभोवती दाब देणारा वायू बहुधा प्राणवायूच असतो, त्यामुळे भिंतीचा पुरवठा गेला तर भाता सिलिंडर भराभर रिकामा करतो: जो लहान सिलिंडर, सुमारे ६८० लिटरचा, हाताने श्वासाची बॅग दाबून मिनिटाला दोन लिटरने पाच तासांहून अधिक पुरता, तो तासाभरात संपू शकतो. भात्याऐवजी विजेवर चालणारा दट्ट्या बसवलेली यंत्रे प्राणवायू वाचवतात, पण मग सारा भार विजेवर. नव्या यंत्रांत बॅटरी किमान अर्धा तास साथ देते. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हा भेद पुस्तकी वाटेल. डिचोली, पेडणे, सत्तरी या नव्या काबिजादींच्या मुलखात, जेथे आषाढात एक माड तारांवर पडला की गावेच्या गावे अंधारात जातात, तेथे यंत्र निवडताना पहिला प्रश्न हाच असावा. अशाच एका लहान इस्पितळात, मी तरुण असताना, पोट उघडलेले असताना वीज गेली आणि जनित्र काही केल्या सुरू होईना. व्हेंटिलेटर थांबला, पडदा काळा झाला. परिचारिकेने विजेरी धरली. तिच्या उजेडात काचेच्या नळीतले भिरभिरे तसेच फिरत होते, काळी बॅग माझ्या मुठीत भरत आणि रिती होत होती, आणि दुसऱ्या हाताचे बोट मानेच्या नाडीवर होते. पंचवीस मिनिटे. रोगी सुखरूप घरी गेला. पण त्या मिनिटांत त्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे मला केवळ ओठांच्या रंगावरून ओळखावे लागत होते, आणि विजेरीच्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचेच ओठ एका रंगाचे दिसतात.

म्हणूनच ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये ज्याचे तत्त्व मांडले तो बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेसारखा रेखून दाखवणारा कॅप्नोग्राफ, ही दोन मला यंत्राची जोडलेली अंगे वाटत नाहीत, त्याचे डोळेच वाटतात. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर ती लाट उमटतच नाही. आणि ही चूक अनुभवी हातांकडूनही होते.

नवे यंत्र सकाळी स्वतःची तपासणी स्वतः करते, झडपा उघडते-मिटते, गळती मोजते आणि पडद्यावर हिरवी खूण उमटवते. तरी शिस्त अशी की माणसाने आपली तपासणी करावीच: नळीच्या तोंडावर अंगठा दाबावा, झडप मिटावी, दाब ३० सेंटिमीटर पाण्याइतका चढवावा आणि काटा दहा सेकंद जागचा हलत नाही ना ते पाहावे. आणि या तपासणीच्या यादीतले पहिले कलम यंत्राविषयी नसते. यंत्र सुरू करण्यापूर्वी आपोआप फुगणारी रबरी बॅग, १९५६ मध्ये कोपनहेगनहून आलेली अँबू बॅग, खुंटीला टांगलेली आहे की नाही, आणि मागे एक भरलेला सिलिंडर आहे की नाही, हे पाहायचे असते. इतके अडसर, इतके संवेदक घालून ज्यांनी हे यंत्र बांधले त्यांनीच हे कलम सर्वांत वर लिहिले. आमच्या ओटीतला वॉर्डबॉय त्यात आपले एक कलम घालत असे. सिलिंडर उघडायची चावी नेहमी कोठे तरी नाहीशी होते, म्हणून त्याने ती एका काथ्याच्या दोरीने यंत्राच्या कमरेला बांधून टाकली होती. रोज सकाळी तो दोरी ओढून गाठ पाहत असे, आणि मग रोग्याला आत घ्यायला दार उघडत असे.